विश्लेषण : जळालेले चर्च जसेच्या तसे बांधायचे की नव्या रूपात? लंडनच्या पॅरिशपासून दादरच्या ‘पोर्तुगीज चर्च’पर्यंत…

एखाद्या वस्तीचे चर्च आगीत जळाले, तर राखेच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या माणसांचा पहिला विचार बहुधा एकच असतो : होते तसेच पुन्हा उभे करू. पण इंग्लंडमधील अनेक अँग्लिकन पॅरिशनी नेमके याच्या उलट केले. जुना मनोरा राखला आणि त्यामागे विटा, काच, काँक्रीट यांचे अगदी आजचे वाटावे असे चर्च उभे केले. मुंबईत आग न लागताही असा निर्णय १९७०च्या दशकात दादरमध्ये झाला. हा निर्णय कोण घेते, त्यात काय वाचते आणि काय कायमचे जाते?

चारकोपकरांच्या आसपासचे दाखले…

हा प्रश्न चारकोप-कांदिवली परिसराला वाटतो तितका परका नाही. मेट्रो २ अ मार्गिकेवरील ‘मंडपेश्वर’ स्थानकाचे नाव ज्या लेण्यावरून आले, ते मुळातले शैव लेणे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ते प्रार्थनास्थळ म्हणून वापरले, वरच्या अंगाला मठ बांधला. पुढे साष्टी मराठ्यांकडे गेली आणि मठ ओसाड पडला. आज लेणे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तेथे पुन्हा शिवपूजा होते, वरच्या मठाच्या भिंती भग्नावस्थेत उभ्या आहेत आणि परिसरातील ख्रिस्ती समाज नव्या चर्चमध्ये जातो. एका टेकडीवर तिन्ही काळ एकाच वेळी दिसतात.

दुसरे उदाहरण अंधेरीचे. आज सीप्झच्या कुंपणाआड असलेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे गाव उठले, भाविक मरोळला गेले आणि त्यांनी तेथे नवे चर्च उभारले. जुन्याचे छप्पर गेले, भिंती राहिल्या. १९७० च्या दशकात आजूबाजूला निर्यात क्षेत्र आले. वर्षातून एकदा मे महिन्यात त्या छप्पर नसलेल्या वास्तूत मिस्सा होते.

म्हणजे जुने चर्च गेल्यावर काय करायचे, याची दोन उत्तरे उपनगरातच मिळतात : अवशेष तसेच ठेवून शेजारी नवे बांधणे, किंवा जागाच सोडणे. तिसरे उत्तर, म्हणजे त्याच जागी पूर्ण नव्या शैलीत बांधणे, यासाठी दादरला जावे लागते. पण ते उत्तर आगीनंतर लोकांना कसे सापडले, हे समजून घ्यायचे तर आधी इंग्लंडमध्ये डोकवावे लागेल.

अँग्लिकन पॅरिश म्हणजे काय?

सोळाव्या शतकात रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चची परंपरा म्हणजे अँग्लिकन. पॅरिश म्हणजे एका चर्चशी जोडलेली वस्ती. तेथील लोकांचे बाप्तिस्मे, लग्ने, दफनविधी त्या चर्चमध्ये व्हायचे. मुंबईत ही परंपरा ईस्ट इंडिया कंपनीबरोबर आली. फोर्टमधील सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले. तटबंदीचा जो दरवाजा त्याच्या बाजूला होता, त्यावरून ‘चर्चगेट’ हे नाव पडले. १८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत झाला आणि सेंट थॉमस कॅथेड्रल ठरले. कुलाब्याचे अफगाण चर्च याच परंपरेतले.

मग आज मुंबईत ‘अँग्लिकन’ अशी पाटी सहसा का दिसत नाही? कारण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन आणि इतर काही प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यामुळे ‘सीएनआय’ ही अक्षरे असलेल्या शहरातील कित्येक जुन्या चर्चचा इतिहास अँग्लिकन असतो. दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ मात्र कॅथलिक आहे. पंथ वेगळे असले तरी विसाव्या शतकाच्या मध्यात दोघांसमोरचा प्रश्न एकच होता, आणि उत्तरेही आश्चर्य वाटावे इतकी जवळची निघाली.

दोन मुले आणि जळालेली दोन चर्च…

लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाच्या वाटेवर हाउन्स्लो आणि आयल्सवर्थ ही शेजारची उपनगरे आहेत. भारतीय वंशाच्या वस्तीमुळे हाउन्स्लोचे नाव मराठी वाचकांनाही नवे नसेल. मे १९४३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने हाउन्स्लोचे होली ट्रिनिटी आणि आयल्सवर्थचे ऑल सेंट्स अशी दोन पॅरिश चर्च जळाली. वर्ष पाहता कोणालाही वाटेल की जर्मन बॉम्ब पडले असणार. तसे नव्हते. आगी लावल्या होत्या दोन शाळकरी मुलांनी.

ऑल सेंट्स थेम्स नदीच्या काठावर आहे. त्याचा दगडी मनोरा मध्ययुगीन, तर मनोऱ्यामागचा मुख्य मंडप अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचे रचनाकार ख्रिस्तोफर रेन यांच्याकडून पॅरिशने आराखडा करून घेतला होता; तो खर्चिक वाटल्याने बाजूला ठेवला आणि पुढे काटछाट करून वापरला. (बजेट पाहून आराखडा कापण्याची सवय केवळ आपल्या गृहनिर्माण संस्थांचीच नाही.) आगीत हा मंडप गेला. उरला मनोरा आणि बाहेरच्या काही भिंती.

नवे चर्च उभे राहायला १९७० उजाडले. मधली २७ वर्षे म्हणजे एक पूर्ण पिढी. त्या मनोऱ्यामागे बाप्तिस्मा घेतलेली मुले आईबाप झाली तरी मनोऱ्यामागे मोकळे आकाशच होते. वास्तुविशारद मायकेल ब्ली यांनी जुन्या मंडपाची नक्कल केली नाही. उरलेल्या भिंतींच्या आतल्या जागेचे त्यांनी अंगण केले आणि त्याच्या मागे विटांची, आधुनिक घडणीची नवी वास्तू बसवली. आज माणूस मध्ययुगीन मनोऱ्याकडून येतो, जळालेल्या चर्चच्या भिंतींमधून चालतो आणि मग विसाव्या शतकात पोहोचतो. हाउन्स्लोचे होली ट्रिनिटीही १९६० च्या दशकात आधुनिक शैलीतच पुन्हा बांधले गेले.

आगीत नेमके काय जळते?

हे समजले तर पुढचे निर्णय समजतात. जुन्या चर्चच्या भिंती दगडाच्या, पण छप्पर लाकडाचे. तुळया, कैच्या, फळ्या हे सगळे शेकडो वर्षे वाळलेले लाकूड उंचावर, शिडी न पोहोचणाऱ्या ठिकाणी असते. ठिणगी तेथे गेली की आग खालून दिसेपर्यंत पसरलेली असते. मग छप्पर कोसळते आणि खालची बाके, वाद्य, वेदी यांना पेटवते. मनोरा आणि भिंती बहुधा उभ्या राहतात. म्हणूनच जगभरच्या जळालेल्या चर्चच्या छायाचित्रांत चार भिंती आणि वर आभाळ असेच दृश्य असते.

पण उभी भिंत म्हणजे शाबूत भिंत नव्हे. लोह असलेला चुनखडीचा दगड सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापला की लालसर पडू लागतो. तापलेल्या दगडावर पाण्याचे फवारे बसले की तो तडकतो. त्यामुळे आगीनंतरचे पहिले काही महिने वास्तुविशारदाचे नसतात, स्थापत्य अभियंत्याचे असतात : कोणती भिंत ठेवता येईल, कोणती उतरवावी लागेल. ‘जसेच्या तसे’ हा पर्याय कित्येकदा या टप्प्यावरच महाग होऊन जातो. तसे सुतार, तसे गवंडी, तसे सागवान किंवा ओक मिळवायचे कुठून?

विम्याचाही प्रश्न येतो. इंग्लंडमध्ये चर्चच्या इमारतींसाठी आगीचा विमा उतरवणारी खास कंपनी १८८७ मध्येच निघाली होती. तरीही विम्याची रक्कम आणि जुन्या कारागिरीचा खर्च यांत अंतर पडू शकते. ते अंतर पॅरिशने वर्गणीतून भरायचे. अशा वेळी साधी, नवी इमारत हा सौंदर्याचा नव्हे, हिशेबाचा निर्णय ठरतो. वास्तुकलेच्या पुस्तकांत हे कारण फारसे ठळक दिसत नाही.

बार्न्सचे भांडण…

निर्णय एकमताने होतो असे समजणाऱ्यांनी बार्न्सची गोष्ट पाहावी. नैऋत्य लंडनमधील बार्न्सचे सेंट मेरी चर्च जून १९७८ मध्ये जळाले. त्यात व्हिक्टोरियन काळात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वाढवलेला मोठा भाग गेला. मध्ययुगीन भाग आणि विटांचा मनोरा बऱ्याच अंशी वाचला. वस्ती सुखवस्तू, जागरूक आणि मते ठाम असलेली. एका गटाला जळालेले चर्च जसेच्या तसे हवे होते. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे, की जळालेला भाग फार जुना नव्हताच, मग त्याची नक्कल कशासाठी?

वास्तुविशारद एडवर्ड कलिनन यांनी पॅरिशमधील लोकांशी दीर्घ चर्चा करत आराखडा बनवला. वाचलेला मध्ययुगीन भाग त्यांनी राखला, पण त्याला मुख्य मंडप ठेवले नाही. त्याला प्रवेशाच्या बाजूचे दालन केले आणि नवा मंडप त्याच्याशी काटकोनात वळवला. चर्चची वेदी पूर्वेला असावी हा संकेत शतकानुशतके चालत आलेला. कलिनन यांनी तो मोडला. मंदिराचा गाभारा पूर्वाभिमुख नसल्यास आपल्याकडे ज्या भुवया उंचावतील, त्याच तेथेही उंचावल्या. पण त्यामुळे दोन गोष्टी साधल्या. जुन्या भागाला नव्याशी बरोबरी करावी लागली नाही आणि नव्याला जुन्याची वेशभूषा करावी लागली नाही. १९८४ मध्ये चर्च पुन्हा खुले झाले. आज ती वास्तू इंग्लंडच्या वारसा यादीत आहे.

इंग्लंडमध्ये अशा वादाला एक ठरलेले व्यासपीठ आहे. अँग्लिकन चर्चमध्ये मोठा बदल करायचा तर धर्मप्रांताच्या स्वतःच्या न्यायालयाची परवानगी लागते. कोणीही पॅरिशवासी तेथे हरकत घेऊ शकतो, तज्ज्ञांची साक्ष होते, निकाल लेखी मिळतो. प्रक्रिया वेळखाऊ आहे, चिडचिड करायला लावणारी आहे. पण त्यामुळे धर्मगुरू आणि दोन-चार विश्वस्त यांच्या खोलीत निर्णय संपत नाही.

कोव्हेंट्रीने दिलेला धडा कोणता?

या सगळ्यामागे एक मोठे उदाहरण होते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कोव्हेंट्री शहरावर बॉम्बफेक केली आणि सेंट मायकेल कॅथेड्रल जळाले. १९१८ पर्यंत हेही एक पॅरिश चर्चच होते, नंतर त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. जळक्या छपराच्या दोन तुळया आडव्या-उभ्या बांधून तेथे क्रूस केला गेला, तर छपरातल्या मध्ययुगीन खिळ्यांचा दुसरा क्रूस झाला. वेदीमागच्या भिंतीवर क्षमायाचनेचे दोन शब्द कोरले गेले. त्यात ‘त्यांना’ हा शब्द नाही. क्षमा कोणाला, हे मुद्दामच मोकळे ठेवले आहे.

नव्या कॅथेड्रलचा पहिला आराखडा नापसंत झाल्यावर खुली स्पर्धा झाली. दोनशेहून अधिक प्रवेशिका आल्या. १९५१ मध्ये बेसिल स्पेन्स विजयी झाले. त्यांनी जळालेल्या भिंती न पाडता तशाच उघड्या ठेवल्या आणि त्यांना काटकोनात नवे कॅथेड्रल जोडले. २५ मे १९६२ रोजी ते उपासनेला खुले झाले. आतले ग्रॅहम सदरलंड यांचे प्रचंड भित्तिवस्त्र, जॉन पायपर यांच्या रंगीत काचा, बाहेरचे जेकब एपस्टाइन यांचे शिल्प हे सगळे त्या काळच्या हयात कलावंतांचे काम. तेव्हा अनेकांना ही वास्तू कुरूप वाटली होती. आज तिला वारसा यादीतला सर्वोच्च दर्जा आहे.

मात्र पॅरिश पातळीवर यापेक्षाही धाडसी काम लंडनच्या ईस्ट एंडमधील बो कॉमन येथे झाले. १९४१ मध्ये बॉम्बफेकीत गेलेल्या सेंट पॉल चर्चच्या जागी १९६० मध्ये रॉबर्ट मॅग्वायर आणि कीथ मरे यांनी जे बांधले, त्यात वेदी एका टोकाला नाही. ती जवळजवळ मधोमध आहे, वरून काचेच्या छतातून प्रकाश येतो आणि लोक तिच्याभोवती उभे राहतात. बाहेरून पाहिले तर एखादी कार्यशाळा वाटावी असे हे चर्च. २०१३ मध्ये ब्रिटनमधील सर्वोत्तम आधुनिक चर्च म्हणून त्याची निवड झाली. ही वस्ती तेव्हा गरीब, कामगारांची होती, हे लक्षात ठेवण्यासारखे.

येथे मुद्दा स्पष्ट होतो. आधुनिक चर्चचा आकार वेगळा दिसतो तो केवळ फॅशन म्हणून नव्हे. उपासनेची पद्धतच बदलत होती. पूर्वी धर्मगुरू दूर वेदीपाशी, लोकांकडे पाठ करून विधी करत आणि लोक लांबलचक मंडपात रांगेने बसून पाहत. विसाव्या शतकात असा विचार रुजला की लोक प्रेक्षक नाहीत, सहभागी आहेत. मग वेदी जवळ हवी, मध्ये खांब नकोत, आवाज पोहोचायला हवा. जुन्या मंडपात हे बसत नव्हते. एरवी कोणी चालू चर्च पाडले नसते. आगीने ती अडचण स्वतःच दूर केली.

दादरमध्ये आग न लागता काय घडले?

कॅथलिक चर्चमध्ये हाच बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) अधिकृत केला. लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा, भाविकांकडे तोंड करून उभा धर्मगुरू. मुंबईच्या चर्चमध्ये मराठी आणि कोकणी मिस्सा घुमू लागल्या त्या यानंतर. १९६४ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय युखरिस्टिक काँग्रेससाठी पोप सहावे पॉल स्वतः आले होते, त्यामुळे शहरातील ख्रिस्ती समाजात या बदलांची चर्चा जोरात होती.

दादर पश्चिमेला गोखले रस्त्यावरचे अवर लेडी ऑफ साल्व्हेशन चर्च, म्हणजे बेस्टच्या कंडक्टरपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांचे ‘पोर्तुगीज चर्च’. या पॅरिशची स्थापना १५९६ मध्ये फ्रान्सिस्कनांनी केली. चारशे वर्षांच्या या जागेवर १९७४ ते १९७७ या काळात नवी वास्तू उभी राहिली ती चार्ल्स कोरिया यांची. गोव्याचे मूळ असलेले, सिकंदराबादेत जन्मलेले आणि मुंबईत आयुष्य घालवलेले कोरिया तेव्हा नवी मुंबईच्या आखणीतही गुंतलेले होते. ‘पोर्तुगीज’ नावाच्या चर्चमध्ये पोर्तुगीज काहीही न ठेवण्याचे काम या माणसाकडे आले, हा योग गमतीचा आहे.

कोरियांनी दोन गोष्टींवरून रचना केली. पहिली, येशूच्या आयुष्यातील टप्पे : बाप्तिस्मा, लोकांमधील उपदेश आणि शेवटचे बलिदान. या टप्प्यांना वेगवेगळ्या जागा दिल्या आणि त्या एकमेकींत गुंफल्या. उपदेश डोंगरावर, तळ्याकाठी, उघड्या आभाळाखाली झाला होता. मग चर्च म्हणजे बंद दगडी पेटीच असली पाहिजे हे कुठून आले? ख्रिस्ती धर्म आशियात जन्मला, युरोपीय गॉथिक कमानी त्याला नंतर चिकटल्या, ही कोरियांची भूमिका. दुसरी गोष्ट मुंबईची हवा. त्यांनी छपराखालची दालने आणि उघडी अंगणे आलटून पालटून ठेवली. वर काँक्रीटचे उंच निमुळते कवच. गरम हवा वर चढते आणि वरून निघून जाते, खाली अंगणातून वारा येतो. म्हणजे छप्पर एकाच वेळी छप्परही आणि धुराडेही. मुख्य घुमटाच्या काचेवर मकबूल फिदा हुसेन यांचे चित्र आहे.

मे महिन्यातल्या दुपारी ज्यांनी एखाद्या बंद, पंख्यांनी घरघरणाऱ्या जुन्या चर्चमध्ये तासभर काढला आहे, त्यांना या रचनेचे मोल शब्दांत सांगावे लागत नाही. बाहेरून मात्र ती आजही अनेकांना चर्च वाटत नाही. मनोरा, टोकदार कमानी, दर्शनी भागावरचा संत असे काही नसल्याने नवखा माणूस रस्त्यावरून जाताना पाहतो आणि ‘चर्च कुठे आहे?’ असे चर्चसमोरच उभे राहून विचारतो.

पण याची किंमतही आहे. आयल्सवर्थला मनोरा उरला, कोव्हेंट्रीला भिंती उरल्या. दादरच्या नव्या रचनेत आधीच्या मंडपाला अशी जागा नाही. आगीनंतर बांधणारा माणूस उरलेल्या दगडाला कवटाळतो, कारण आग त्याला विचारून आलेली नसते. स्वतःच्या निर्णयाने जुने बाजूला करणाऱ्याला तसे करावेसे वाटत नाही. त्यामुळे कोव्हेंट्रीत नवे-जुने एकमेकांकडे पाहतात, तर दादरला नवे एकटेच उभे आहे. वास्तू म्हणून ती थोर आहे. स्मृती म्हणून तिने फार मोठा भाग गमावला आहे.

आज असा निर्णय मुंबईत घेता येईल का?

१९७४ मध्ये मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियमच नव्हते. ते १९९५ मध्ये आले, देशात सर्वांत आधी. आता यादीतील वास्तूत मोठा बदल करायचा किंवा ती पाडायची, तर तिच्या श्रेणीनुसार मुंबई वारसा संवर्धन समितीचे मत घ्यावे लागते. विश्वस्त संस्थेची जमीन विकायची किंवा दीर्घ मुदतीने द्यायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांची मंजुरी हवी. मात्र या दोन्ही यंत्रणा वास्तू आणि जमीन पाहतात. ‘वेदी कुठे असावी’, ‘अंगण हवे की सभागृह’ असे प्रश्न त्यांच्यापुढे येत नाहीत. ते पॅरिशने आपसातच सोडवायचे, आणि इंग्लंडसारखे हरकतीचे व्यासपीठ तेथे नाही. पॅरिश कौन्सिलची बैठक किती खुली, यावर सगळे अवलंबून.

यादीत नसलेल्या उपनगरी चर्चना तर तेवढेही कवच नाही. चारकोपमध्ये म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८० च्या दशकात छोटे भूखंड पाडून दिले. तेथे कुटुंब वाढले की घर वाढवणे, मोडून नवे बांधणे हे इतके अंगवळणी पडले आहे की जुन्या इमारतीला जपण्याचा आग्रह विचित्र वाटावा. गरज आहे तर बांधा, हा उपनगराचा सरळ न्याय आहे. त्यात चूक काही नाही. फक्त बांधण्याआधी जुन्याचे मोजमाप, छायाचित्रे, नोंदवह्या, स्मृतिशिला यांचे काय करणार, हे ठरवायला आठ दिवस पुरतात आणि तेच बहुधा कोणी काढत नाही.

आगीच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार लोक जमतात अशा इमारतींच्या मालकांवर किंवा ताबेदारांवर आगप्रतिबंधक यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी आहे. जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा परवानाधारक संस्थेकडून त्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र घ्यायचे असते. जुन्या वास्तूंत धोका असतो तो मेणबत्त्यांइतकाच उघड्या वायरिंगचा, नाताळात जोडलेल्या तात्पुरत्या रोषणाईचा आणि छपराखाली दुरुस्तीच्या वेळी चालणाऱ्या वेल्डिंगचा.

नोत्र दामने उलट वाट का धरली?

१५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दामचे छप्पर आणि शिखर जळाले तेव्हा हा सगळा वाद पुन्हा उफाळला. अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी सुरुवातीला आधुनिक शिखराची कल्पना मांडली. काचेचे छप्पर, छतावर बाग, असे आराखडे समाजमाध्यमांवर फिरले. फ्रेंच सिनेटने होते तसेच बांधण्याचा आग्रह धरला आणि जुलै २०२० मध्ये तोच निर्णय झाला. डिसेंबर २०२४ मध्ये नोत्र दाम पुन्हा उघडले : ओकच्या तुळया, शिशाचे पत्रे, एकोणिसाव्या शतकातील व्हायोले-ल-द्यूक यांच्या शिखराची हुबेहूब आवृत्ती. गंमत अशी की ते शिखर स्वतःच मध्ययुगीन नव्हते; मोडकळीला आलेले आधीचे काढल्यानंतर आपल्या काळाच्या समजुतीने केलेली ती भर होती.

फ्रान्सला हे परवडले, कारण इमारत सरकारची आणि देणग्या जगभरातून आल्या. आयल्सवर्थच्या पॅरिशला २७ वर्षे थांबावे लागले. जसेच्या तसे बांधणे ही बहुधा श्रीमंतांना आणि जगप्रसिद्ध वास्तूंनाच परवडणारी निष्ठा असते.

आधुनिक वास्तू जुनी झाली की पुढे काय?

हा प्रश्न आता दादरलाही लागू होतो. काँक्रीट दगडासारखे शांतपणे म्हातारे होत नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आतल्या सळ्या गंजतात, फुगतात आणि काँक्रीट सुटू लागते. पातळ कवचाच्या छपरांना गळतीची आणि सततच्या देखभालीची गरज दगडी भिंतीपेक्षा जास्त असते. त्यातच १९४७ नंतरच्या इमारतींना आपल्याकडे वारसा म्हणून मान्यता मिळणे अवघड. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील राज रेवाल यांचे हॉल ऑफ नेशन्स एप्रिल २०१७ मध्ये पाडले गेले. कोरियांच्याच पणजी येथील कला अकादमीच्या खुल्या नाट्यगृहावरील छत जुलै २०२३ मध्ये नूतनीकरणाचे काम सुरू असताना कोसळले.

इंग्लंडमध्ये साधारणपणे ३० वर्षे जुनी झालेली वास्तू वारसा यादीसाठी विचारात घेतली जाते; कोव्हेंट्री आणि बो कॉमन ही दोन्ही १९८८ मध्ये यादीत आली, म्हणजे बांधल्यापासून तीस वर्षांच्या आत. दादरच्या कवचांना २०२७ मध्ये ५० वर्षे पूर्ण होतील.